परस्पर दिलेली कबुली

चाकण,
२६ नोव्हेंबर १९५७

रा. रा. दौलतराव भोंडवे, वकील,
शुक्रवार पेठ, पुणे

सोमवार, २५ नोव्हेंबर १९५७, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे. खेडच्या मॅजिस्ट्रेटांपुढे उभे राहून तुम्ही सांगितलेत की, माझ्या अशिलाला गुन्हा कबूल आहे. तुमची अशील म्हणजे मी. त्या वेळी मी चाकणला माझ्या स्वयंपाकघरात आवळे किसत होते आणि मला काहीही कबूल नव्हते.

ही बातमी मला कोणी द्यावी? तुम्ही नाही. खेडहून येष्टीने परतलेल्या एका कांद्याच्या अडत्याने रस्त्यातूनच ओरडून विचारले, "काय मॅट्रनबाई, कबूल केलंत म्हणे?" आमच्या आळीत ते ऐकले नाही असे कोणी उरले नाही.

अहोजाहो मला दोन परिच्छेदांपलीकडे जमत नाही. तू माझा धाकटा भाऊ आहेस, तुझे नाक मी पुसलेले आहे, तेव्हा सरळच लिहिते. सहा वर्षे आपण एकमेकांशी बोललो नाही. ते बरे चालले होते. समन्स आल्यावर सुमन माझ्याकडे आली, पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "आक्का, घरात वकील असताना बाहेरचा कशाला? हे बघतील सगळं. तुम्ही फक्त वकीलपत्रावर सही करा." मी सही केली. भाऊ म्हणून नव्हे, वकील म्हणून. मग तुझा निरोप आला की पहिल्या दिवशी नुसती पुढची तारीख पडते, आक्काने हेलपाटा घालू नये. मी घातला नाही. ही माझी चूक. बाकीच्या तुझ्या.

तू कागद नीट वाचले असतील अशी आशा मला उरलेली नाही, म्हणून काय घडले ते सांगते. मोशीच्या कुशाबाईची सून गवराबाई हिला दिवस गेले आहेत. तिची आधीची दोन्ही बाळे घरातच, अडून, गेली. या खेपेला तिला वेळेत पुण्याच्या दवाखान्यात न्यायचे मी कबूल केले आहे. (बघ, मीही कबूल करते, पण स्वतःच्या तोंडाने.) सप्टेंबरात तिला तपासून, माझी ऑस्टिन घेऊन मी मोशीहून चाकणला येत होते. संध्याकाळचे साडेपाच. कुरुळीच्या उतारावर समोरून रंगराव कंत्राटदाराचा विटांनी भरलेला ट्रक रस्त्याच्या मधोमध आला. मी गाडी डावीकडे घेतली, तरी त्याने माझा मडगार्ड चेपला आणि मला चरात ढकलले. ट्रक थांबला नाही. कुशाबाईने फडक्यात बांधून दिलेली पुरणपोळी मागच्या सीटवरून खाली पडून चिखलात गेली. मी चार माणसांच्या मदतीने गाडी बाहेर काढली आणि तडक पोलीस चौकीत जाऊन ट्रकविरुद्ध तक्रार लिहवली.

आठवड्याने उलटाच कागद आला. त्यात ट्रक नाहीच. त्यात मी आहे, आणि कुरुळीच्या बाळाजीची वाळूने भरलेली बैलगाडी आहे. मी म्हणे बेफाम गाडी चालवून तिला धडक दिली, बैल बिथरले, गाडी उलटली, आणि मी न थांबता पळून गेले. चौकीत तक्रार द्यायला गेले, त्याला पळणे म्हणतात. हवालदार रंगरावाच्या ओसरीवर चहा पितो, हे चाकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आणि याला तू 'कबूल' म्हणालास! पंचाहत्तर रुपये दंड, लायसन्सवर शेरा आणि एक वर्ष लायसन्स जप्त. दंड तू भरलास असे समजले. तो मी तुला मनिऑर्डरने पाठवला आहे. गवराबाईचे दिवस फेब्रुवारीत भरतात. चाकणात बाईमाणसाला बसवून नेईल अशी दुसरी मोटार नाही. तिला आता मी काय बैलगाडीतून पुण्याला नेऊ?

कॉन्व्हेंटात सिस्टर अ‍ॅग्नेस आम्हाला सांगत की कबुली ज्याची त्याने द्यायची असते. दुसऱ्याच्या वतीने देण्याची सोय देवाकडेही नाही. तुझ्या कोर्टात आहे असे दिसते.

असे का केलेस, ते लिहून कळव. आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. त्याची जागा मी आज कोरी सोडते.

दुर्गा भोंडवे
(निवृत्त मॅट्रन. गुन्हेगार, तुझ्या कृपेने.)


चाकण,
५ डिसेंबर १९५७

दौलत,

तुझे पत्र मिळाले. चार पाने! सहा वर्षांत चार ओळी लिहिल्या नाहीस आणि आता चार पाने, तीही उपदेशाची.

तुझे म्हणणे मी नीट समजून घेतले आहे. मोटारीच्या खटल्यात शंभरातले नव्वद लोक गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि जेवायला घरी जातात. साक्षीपुरावे म्हणजे वर्षभराच्या तारखा. हवालदाराच्या शब्दापुढे म्हाताऱ्या बाईचा शब्द टिकत नाही. शिवाय माझे वय, माझे डोळे, माझे गुडघे. लायसन्स जप्त होईल हे तुला अगोदर ठाऊक नव्हते, दंडावर भागेल असे वाटले होते. "झाले ते बऱ्याकरता झाले, या वयात बाईमाणसाने मोटार हाकणे शोभतही नाही."

माझे डोळे तुझ्यापेक्षा चांगले आहेत. तू परवा खेडच्या कोर्टात माझ्या खटल्याचे कागद उलटे धरले होतेस, असे त्या अडत्याने सांगितले. खोटे असेल. पण मला पटले.

आणि शोभण्याचे काय म्हणतोस? तीस वर्षे मी रात्री-बेरात्री टांग्यातून, बैलगाडीतून, एकदा तर प्रेताच्या गाडीतून बाळंतिणींकडे गेले. तेव्हा तुमच्या घरातल्या कोणी शोभेचा विचार केला नाही, कारण तुमच्याही घरची बाळंतपणे त्यात होती. तुझा धाकटा पायाळू होता. विसरला असशील.

परवा कुशाबाई आली होती. बाजाराला आले म्हणाली, पण पिशवी रिकामी होती. उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "बाई, तुमची गाडी सरकारनं नेली म्हंत्यात."

"गाडी नाही, कुशाबाई. चालवायचा परवाना."

"म्हंजी गाडी हाय, पर चालायची न्हाई."

"हो."

"आमच्या म्हाताऱ्यावानी." मग हसली आणि हसता हसता तिचे तोंड कसनुसे झाले. "मंग गवरीचं कसं व्हायचं? सुईण म्हंती मी हाय. मागल्या दोन्ही येळंला बी ती व्हतीच की."

मी तिला सांगितले की फेब्रुवारीच्या आत मी गाडी चालवीन. कशी, ते मला तेव्हा ठाऊक नव्हते. पत्र लिहिते आहे तोवर ठाऊक झाले आहे, आणि ते तुझ्यामुळेच. म्हणून तुझे पत्र फाडले नाही.

तिसऱ्या पानावर तू टोमणा मारला आहेस. लिहितोस: "ज्या दिवशी तू रस्त्यावर तमाशा केलास, त्या दिवशी मी इथे सर्वपित्रीचे श्राद्ध करीत होतो. आप्पांचे पान वाढले होते. त्यांची लेक संध्याकाळी चौकीत भांडत होती, हे त्यांना कुठे असतील तिथे बरे वाटले असेल."

ही ओळ वाचून पहिल्यांदा मला संताप आला. आप्पांना भांडकुदळ लेक आवडायची, तुझ्यासारखा मवाळ लेकच त्यांना कळायचा नाही. मग मी पुन्हा वाचली. सर्वपित्री. म्हणजे भाद्रपद अमावास्या. शहरात तुम्ही त्या दिवशी पितरांना जेवू घालता. आणि इथे, चाकणात, कुरुळीत, मोशीत, सगळ्या खेड तालुक्यात, भाद्रपद अमावास्येला काय असते, वकीलसाहेब?

विचार कर. पुण्यातल्या माणसाला लागेल थोडा वेळ. मलाही दोन महिने लागले, कारण मी कॉन्व्हेंटातल्या घंटेवर आणि दवाखान्याच्या तारखांवर वाढलेली बाई, मला तिथ्या कळत नाहीत. शिवाय मी तो ट्रकच डोक्यात धरून बसले होते. पण मोशीच्या वेशीत त्या दिवशी वाजंत्री होती आणि माझ्या गाडीला वाट मिळत नव्हती. आणि चिखलात पडलेली ती पुरणपोळी कुशाबाईने काय माझ्या वाढदिवसाची दिली होती?

खटल्याचे सगळे कागद रजिस्टर पोस्टाने पाठव. माझे आहेत ते.

दुर्गा


चाकण,
१४ डिसेंबर १९५७

दौलत,

कागद मिळाले. बाळाजीचा जबाब मी तीनदा वाचला. "सोमवार, तारीख २३ सप्टेंबर रोजी सायंकाळी साडेपाच वाजता मी माझ्या दोन बैलांची गाडी जुंपून, इंद्रायणीची वाळू भरून येत होतो." खाली अंगठा. अक्षर हवालदाराचे. हवालदार जळगावकडचा. त्यांच्याकडे पोळा श्रावणात होतो. भाद्रपदाची अमावास्या त्याच्या हिशेबी साधा सोमवार!

बैलपोळ्याला जुंपलेले बैल! कुरुळीत! अरे, त्या दिवशी इथे बैलाच्या खांद्यावर माशी बसली तरी लोक तिची माफी मागतात.

मी पुण्याला जाऊन एका वकिलाला विचारून आले. येष्टीने गेले, उभ्याने. तो माणूस तरुण आहे पण ऐकून घेतो. त्याने सांगितले ते असे: ज्याने गुन्हा कबूल केला त्याला अपिलात शिक्षा जास्त झाली एवढेच म्हणता येते, मी केलेच नाही असे म्हणता येत नाही. कबुलीने दार बंद होते. ते दार उघडायचे असेल तर एकच वाट आहे. सेशन्स जज्जांना दाखवावे लागेल की कबुली माझी नव्हती, मला न विचारता दिली गेली. मी सांगून ते पुरणार नाही, शिक्षा झालेला प्रत्येकजण असे म्हणतो. ते तू सांगायला हवे. प्रतिज्ञापत्रावर. "मी अशिलाची संमती न घेता कबुली दिली."

याचा अर्थ मला कळतो. बारमध्ये तुला लोक हसतील. कोणी तुझ्याविरुद्ध तक्रारही करू शकेल. तू वीस वर्षे काळा कोट घालून मिळवलेली अब्रू एका कागदावर पणाला लावायची आहे. माझी तू विनाकागद लावलीस.

सुमन काल आली होती. तूच पाठवलीस की आपणहून आली, मी विचारले नाही. तिने मला जे सांगितले ते तू चार पानांत सांगितले नाहीस. ती म्हणाली, "आक्का, त्यांना वाईटपणा नव्हता करायचा. रात्रभर येरझाऱ्या घालत होते. म्हणत होते, रंगरावानं खाजगी वकील दिलाय, तो तिला पिंजऱ्यात उभी करून काय काय विचारील. पुन्हा नको."

पुन्हा.

तेव्हा आता सहा वर्षांपूर्वीचे बोलूच. हयगयीच्या त्या खटल्यात डॉक्टर तुझा अशील होता, मी सरकारी साक्षीदार. बाळंतीण ओरडत होती आणि तो क्लबात पत्ते खेळत होता, हे मी सांगितले, कारण निरोप मीच पाठवला होता. उलटतपासणीला तू उठलास. माझा भाऊ. भरल्या कोर्टात तू मला विचारलेस, "ज्या बाईने स्वतः लग्न केले नाही, मूल जन्माला घातले नाही, तिला बाळंतपणातले काय कळते?" जज्जांनी तो प्रश्न वगळला. लोक हसले ते वगळता आले नाही. तू खटला हरलास आणि माझ्यावर रुसलास. हे अजब आहे, पण तसेच झाले.

मला पिंजऱ्याची भीती कधीच नव्हती, दौलत. भीती तुला होती. दुसरा कोणी तुझाच प्रश्न विचारील म्हणून तू मला कोर्टाच्या दारातूनच परत पाठवलेस. याला माया म्हणायचे की भेकडपणा, ते तू ठरव. गवराबाईला दोन्हींचा उपयोग नाही.

अपिलाची मुदत नाताळात संपते. प्रतिज्ञापत्र मला शुक्रवार, २० डिसेंबरपर्यंत हातात हवे. माझी समजूत घालणारे पत्र सोबत जोडू नये.

दुर्गा


चाकण,
१२ जानेवारी १९५८

दौलत,

परवा सेशन्स कोर्टात तुझे प्रतिज्ञापत्र वाचले गेले. तू आला नाहीस, ते बरे केलेस. मी मागितली होती एक ओळ, तू दोन लिहिल्यास. "अशिलाची संमती घेतली नव्हती. घेतली असती तर तिने दिली नसती." दुसरी ओळ ऐकून जज्जांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "हे मात्र खरे दिसते."

शिक्षा रद्द झाली. खटला खेडला पुन्हा पहिल्यापासून चालेल. लायसन्स तोवर परत मिळाले. तुला मात्र जज्जांनी दोन शब्द सुनावले: "वकिलाने अशिलाच्या जागी उभे राहावे, अशिलाच्या अंगात शिरू नये." कोर्टातले दहाबारा वकील हसले. मी हसले नाही. हे तुला कळावे म्हणून लिहिते आहे.

तरुण वकिलाला मी खेडच्या कामातून मोकळे केले. तू साक्षीदार झालास, तुला माझ्या वतीने उभे राहता येत नाही. तेव्हा माझ्या वतीने मीच.

दुर्गाआक्का


चाकण,
९ मार्च १९५८

चि. दौलत,

शुक्रवारी खेडला खटला चालला. तुला पेपरात वाचायला मिळणार नाही, म्हणून सांगते. पण त्याआधी: गवराबाईला सोळा फेब्रुवारीला पहाटे कळा लागल्या. ऑस्टिनने पुण्याला नेली. वाटेत भोसरीला इंजिन तापले, कुशाबाई खाली उतरून गाडीला हात जोडून म्हणाली, "बये, आजच्या दिवस चाल, तुला बी पोळ्याला नैवेद दावीन." गाडी चालली. मुलगी झाली. आडवी होती, पोट कापून काढावी लागली. घरी असती तर तिसरेही गेले असते आणि कदाचित गवराबाईही. तुझ्या त्या प्रश्नाचे एक उत्तर साडेसहा पौंडांचे आहे.

आता कोर्ट. रंगराव पहिल्या बाकावर, नवा फेटा. त्याचा वकील पुण्याचा, तुझ्या ओळखीचा असणार. मागे आणि दारात कुरुळीची माणसे. बाळाजीचा बाप आबाजी काठी टेकून उंबऱ्याशी बसलेला. लेकाची साक्ष ऐकायला आला होता बिचारा.

सरकारी वकिलाने बाळाजीकडून सगळे पढवल्याप्रमाणे वदवून घेतले. मग मॅजिस्ट्रेट मला म्हणाले, "बाई, उलटतपासणी तुम्ही घेणार? तुम्हाला सवय आहे का?"

"घ्यायची नाही साहेब. द्यायची आहे."

मी बाळाजीला विचारले, "गाडीला बैल होते ना, बाळाजी?"

"व्हते की. बैलाबिगर गाडी कशी चालंल बाई? ती काय तुमची मोटार हाय?" लोक हसले. हसू दिले.

"कोणाचे बैल?"

"माझं. हौशा आन् तांबडा."

"जू त्यांच्या खांद्यावर होते?"

"मंग काय शेपटीवर?" पुन्हा हशा. रंगरावाने मांडीवर थाप मारली.

"त्या दिवशी तिथी कोणती होती?"

रंगरावाचा वकील ताडकन उठला, "साहेब, आरोपपत्रात तारीख आहे. तिथीचा काय संबंध?" मॅजिस्ट्रेटही म्हणाले, "बाई, तारखेवर बोला."

मी म्हणाले, "साहेब, साक्षीदार बैलांवर बोलतो आहे. बैलांना तारीख कळत नाही, तिथीच कळते." त्यांनी हात हलवला, विचारा म्हणून. मी म्हणाले, "सांगते मीच. भादव्याची अवस."

 मग मागून कोणीतरी हलकेच म्हणाले, "आरं, पोळा की!" आणि तो शब्द दारापर्यंत गेला. आबाजी काठीवर रेलून उठला. बाळाजीने मॅजिस्ट्रेटांकडे पाहिले नाही, रंगरावाकडे पाहिले नाही. बापाकडे पाहिले.

मी विचारले, "कुरुळीच्या बाळाजी आबाजीने पोळ्याच्या दिवशी हौशा-तांबड्याच्या खांद्यावर जू ठेवले, वाळूची गाडी ओढायला लावली. असे लिहून घ्यायचे ना कोर्टाने?"

"न्हाई."

"काय नाही?"

"जू न्हाई ठेवलं." तो माझ्याकडे वळला. "आमी काय कसाई हाय का बाई? आदल्या सांजंला खांदं मळलं, हळद-लोणी लावलं, कानात आवतन दिलं, उद्या जेवाया या म्हणून. आन् त्याच बैलाला पोळ्याला जुंपीन? सात पिढ्यांत न्हाई जुंपलं कुणी!"

मॅजिस्ट्रेट पुढे वाकले. "मग गाडी ओढली कोणी?"

"गाडी व्हतीच कुठं, साहेब!"

"शपथेवर खोटे बोललास म्हणून तुला शिक्षा होईल, कळते का?"

"व्हऊ द्या. खोटं बोललो ते लिवा. रंगराव काम देतो म्हणून बोललो, ते बी लिवा. पर पोळ्याला बैल जुंपलं, ह्ये लिवू नका. म्या पाया पडतो. गावात मला पानी कोन देईल?"

खरे सांगते दौलत, तुरुंगापुढे न डगमगलेला माणूस बैलाच्या नावाने रडला. हवालदार भिंतीशी उभा राहून पुटपुटत होता, "आमच्याकडे पोळा श्रावणात असतो." मॅजिस्ट्रेट म्हणाले, "मग खोटी फिर्यादही जळगावात जाऊन लिहा." मला निर्दोष सोडले. ट्रकची माझी तक्रार पुन्हा उघडायचा हुकूम झाला. रंगराव फेटा सावरत मागच्या दाराने गेला.

आबाजी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "पोरगं वाया गेलं हुतं बाई. आज माघारी आलं." मी म्हटले, अजून नाही आले. बाळाजीला खोट्या साक्षीबद्दल नोटीस निघाली आहे. त्याच्याकडे वकिलाला द्यायला काही नाही आणि रंगरावाने त्याचे काम बंद केले.

म्हणून हे पत्र. माझी दोन कामे आहेत.

पहिले: बाळाजीचे वकीलपत्र तू घ्यावेस. मी त्याला सांगितले आहे की माझा भाऊ चांगला वकील आहे, फक्त त्याला मोकळे सोडू नकोस, जवळ उभा राहा. कबुली द्यायची की नाही ते या खेपेला अशिलाला विचारावे.

दुसरे: पुण्याच्या कोर्टाने तुझा तो प्रश्न सहा वर्षांपूर्वी कागदातून वगळला. तू स्वतः तो अजून वगळलेला नाहीस. प्रतिज्ञापत्राच्या दुसऱ्या ओळीत तू माझ्याबद्दल खरे लिहिलेस, ते पोचले असे मी समजते, पण ते या बाबतीत पुरेसे धरता येत नाही. तो प्रश्न तू मागे घेतोस की नाही, एवढेच हवे आहे. कारणे नकोत, माझे वय नको, आप्पांचे पान नको. एक ओळ.

सुमनमार्फत निरोप, मुलांमार्फत पेढे, किंवा स्वतः येऊन दारात गप्प उभे राहणे हे उत्तर म्हणून स्वीकारले जाणार नाही. उत्तर लेखी, तुझ्या हस्ताक्षरात आणि तुझ्या सहीने असावे. ते गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवार, २० मार्च १९५८, संध्याकाळी पाचच्या टपालापर्यंत चाकणला माझ्या हातात पडावे. मुदतीत न आल्यास प्रश्न कायम आहे असे समजून मी पुढे चालेन. आल्यास पाडव्याला जेवायला यावे. तुला आणायला ऑस्टिन पाठवीन, अर्थात मीच चालवीन.

पहिल्या पत्रात आशीर्वादाची जागा कोरी सोडली होती. अजून कोरीच आहे. तुझे उत्तर आल्यावर भरीन.

तुझी,
दुर्गाआक्का